सहाव्या मजल्यावरचा बंब

"डोळ्यांनी बघून ये. फोनवर ती सगळं छानच सांगते."

कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे ॲमस्टरडॅमला जायचं ठरलं, तेव्हा आईने मला एवढंच सांगितलं. सोबत दोन किलो लीलो चेवडो, एक किलो भाकरवडी, मेतकूट आणि गोडा मसाला दिला. ॲमस्टरडॅमहून पॅरिस रेल्वेने साडेतीन तासांवर आहे. शुक्रवारी दुपारी लॅपटॉप मिटला, सोमवार-मंगळवारची रजा टाकली आणि संध्याकाळी पॅरिसच्या गार द्यु नॉर स्टेशनवर उतरलो. फलाटाच्या टोकाला धाकटी उभी होती. (घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात, इथेही तेच नाव चालवतो.) मिठी मारताना पहिली दिसली ती तिची नखं. दहाच्या दहा काळी. कोळशाची पूड, धुऊन जात नाही म्हणाली.

मंडळाच्या जुन्या सभासदांना ती आठवत असेल. गणेशोत्सवाच्या रांगोळी स्पर्धेत एका वर्षी तिने रांगोळीऐवजी नुसती विटकरीची पूड आणि राख वापरली होती आणि परीक्षकांची पंचाईत केली होती. मी दांडिया बाजाराशेजारच्या कलाभवनात इंजिनिअरिंग केलं, तिने त्याच विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये चित्रकला. आमच्या घरात याचा अर्थ असा लावला जाई की मी शिकलो आणि ती चित्रं काढते. खरं तर सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं तेव्हा तिथे यंत्रविद्या आणि चित्रकला एकाच छपराखाली होत्या. दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. छपरं नंतर वेगळी झाली आणि मी यंत्रवाल्या छपराखाली गेलो.

तिला पॅरिसच्या 'एकोल दे बोझार'मध्ये प्रवेश मिळाला, तेव्हा आनंदापेक्षा धावपळच जास्त झाली. शाळा सरकारी, त्यामुळे फीची फार चिंता नव्हती. पैसे लागतात ते राहायला. विद्यार्थी व्हिसासाठी महिन्याला ६१५ युरो, म्हणजे वर्षाचे ७,३८० युरो तुमच्याकडे आहेत असं दाखवावं लागतं. कर्जासाठी आम्ही एका बँकेत गेलो. त्यांच्या यादीत या शाळेचं नाव नव्हतं, आणि चित्रं काढून हप्ते कसे फेडणार हा प्रश्न तिथल्या साहेबांनी तीनदा विचारला. शेवटी मी फ्लॅटच्या बुकिंगसाठी साठवलेले पैसे काढले, बाबांनी एक ठेव मोडली. आईनेही काही केलं होतं, ते पुढे येईल.

स्टेशनवरून आम्ही चालतच निघालो. स्टेशनच्या मागे ला शापेल नावाचा भाग लागतो. तिथे श्रीलंकेहून आलेल्या तमिळ लोकांची दुकानं आहेत. कढीपत्ता, हिरव्या मिरच्या, नारळ, शेवग्याच्या शेंगा, सगळं रस्त्यावर मांडलेलं. धाकटीने कढीपत्त्याची एक जुडी घेतली आणि दुकानदाराशी फ्रेंचमध्ये घासाघीस केली. दोन वर्षांपूर्वी बडोद्यात क्रियापदांचे तक्ते भिंतीवर चिकटवून पाठ करणारी हीच का, असं वाटलं.

तिची खोली सहाव्या मजल्यावर. लिफ्ट आहे, पण ती पुढच्या जिन्याला, मोठ्या घरांसाठी. मागे एक अरुंद जिना आहे, तो पूर्वी नोकरांसाठी होता. मी मोजल्या, ११४ पायऱ्या. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये ज्या मोठमोठ्या इमारती झाल्या, त्यांत सगळ्यात वर, छपराला लागून मोलकरणींच्या खोल्या असत. आता त्यांत विद्यार्थी राहतात. कायद्याने भाड्याची खोली किमान ९ चौरस मीटर असावी लागते. तिची ९ च आहे, एक इंच जास्त नाही. पलंग, टेबल, एका कोपऱ्यात बेसिन आणि शॉवर, एक विजेची शेगडी. संडास बाहेर बोळात, चौघांत मिळून एक. छप्पर उतरतं असल्यामुळे मला मधोमधच सरळ उभं राहता येत होतं.

पण खिडकी! खिडकीतून जस्ताच्या पत्र्याची करडी छपरं लांबवर दिसतात. या छपरांवर काम करणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला २०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोने वारसा म्हणून मान्यता दिली, हे मी गाडीत वाचलं होतं. मोठ्या उत्साहाने सांगितलं, तर ती म्हणाली, "युनेस्कोच्या माणसाला जुलैमध्ये इथे झोपायला सांग."

तिने मुगाची खिचडी केली. फोडणी देताना खिडकी सताड उघडली आणि दाराच्या फटीला ओला टॉवेल लावला. शेजाऱ्यांना वास सहन होत नाही का, असं मी विचारलं. "तसं नाही. धुराचा अलार्म वाजतो."

त्या रात्री मी जमिनीवर गादी टाकून झोपलो. झोपण्यापूर्वी भिंतींवरून नजर फिरवली. एकही रंगवलेलं चित्र नव्हतं. काळ्या कोळशाची रेखाटनं मात्र शेकडो, टाचण्यांनी लावलेली, एकावर एक.

शनिवारी दुपारी ती मला मोंपार्नास भागातल्या 'ग्रांद शोमिएर' या स्टुडिओत घेऊन गेली. हा १९०४ सालचा. सुरू करणाऱ्यांत मार्था स्टेटलर नावाची एक स्विस चित्रकर्ती होती. प्रवेश परीक्षा नाही, पदवी नाही, शिकवायलाही कुणी नाही. दारात पैसे द्यायचे, आत जाऊन बसायचं, समोर मॉडेल असतं, त्याचं चित्र काढायचं. आपली अमृता शेरगिल १९२९ मध्ये सोळाव्या वर्षी पॅरिसला आली, ती आधी इथेच शिकली, मग पुढच्या वर्षी धाकटीच्या शाळेत गेली.

मॉडेल म्हणजे काय हे मला माहीत होतं. माहीत असणं वेगळं आणि धाकट्या बहिणीच्या शेजारी लाकडी बाकावर मांडीवर कागद घेऊन बसणं वेगळं. साठीच्या एक बाई आल्या, अंगावरचा झगा काढून खुर्चीवर ठेवला आणि चौथऱ्यावर उभ्या राहिल्या. मी आधी छताकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे. आजूबाजूला तीसेक माणसं होती, त्यांत पांढऱ्या केसांचे आजोबा, एक गर्भवती बाई, दोन शाळकरी वाटावीत अशी मुलं. कुणी बोलत नव्हतं. फक्त कागदावर कोळसा घासल्याचा आवाज. पाऊस पत्र्यावर पडायला सुरुवात होते ना, तसा.

"दादा, काढ," ती कुजबुजली. "काढलं नाहीस तर नुसता बघत राहशील, ते वाईट."

म्हणून काढायला लागलो. खांदा कुठे संपतो आणि हात कुठे सुरू होतो तेच कळेना. दहा मिनिटांनी लक्षात आलं की मला लाज वाटायची थांबली आहे, कारण त्या बाईंच्या कोपराचा कोन मला जमत नव्हता आणि दुसरं काही सुचायला जागाच उरली नव्हती. वीस मिनिटांची एक पोझ, मग पाच-पाच मिनिटांच्या. माझं चित्र बघून धाकटी म्हणाली की बाईंना तीन गुडघे आहेत. तिने स्वतः मात्र त्या बाईंचं अंग काढलंच नव्हतं. दोन तासांत तिने फक्त त्यांची पावलं काढली होती, तळवा जमिनीला कुठे टेकतो आणि कुठे नाही ते. अकरा कागद.

आईला यातलं काय सांगायचं, असा विचार मी परतताना मेट्रोत करत होतो. धाकटीने ओळखलं. "सांग, मी पावलं काढते. खोटं थोडंच आहे?"

रविवार आम्ही भटकण्यात आणि कपडे धुण्यात घालवला. लाँड्रीत बसून मी मुद्द्याला हात घातला. चित्रं का नाहीत? तिने सरळ सांगितलं की ऑक्टोबरपासून तिने रंगाला हात लावलेला नाही. मार्च चालू होता. माझ्या पोटात गोळा आला. आमच्या धंद्यात सहा महिने काही दिलं नाही तर माणसाला बोलावून घेतात आणि दार बंद करून बोलतात.

तिथली पद्धत आपल्यापेक्षा निराळी आहे. बडोद्यात तिला वेळापत्रक होतं, स्थिरचित्र, निसर्गचित्र, रचना, मार्क. पॅरिसला प्रत्येक विद्यार्थी एखाद्या कलावंत-शिक्षकाच्या 'आतलिए'त, म्हणजे स्टुडिओत असतो. त्या शिक्षकाने तुम्हाला घ्यावं लागतं, आणि घेतल्यावर काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. ऑक्टोबरात तिच्या शिक्षिका तिची बडोद्याची चित्रं पाहून म्हणाल्या की तुला रंगवता चांगलं येतं, पण हे कुणाचं आहे? एवढंच म्हणून त्या पुढच्या मुलाकडे गेल्या.

"आधी राग आला," धाकटी सांगत होती. "मग खोलीवर येऊन सगळी परत बघितली. एक बेंद्रे सरांसारखं होतं, एक अमृतासारखं, एक इन्स्टाग्रामसारखं. माझं कुठलं, ते मलाच सापडेना."

मी म्हटलं की अमृतालासुद्धा वेळ लागलाच असेल. यावर ती हसली. "अरे, तिला १९ व्या वर्षी काढलेल्या चित्रावर इथल्या सलोंमध्ये सुवर्णपदक मिळालं. घरी आई पियानो वाजवत होती आणि भाडं वडील भरत होते. मला संध्याकाळी साडेचारला दोन पोरांना शाळेतून आणायचं असतं."

विद्यार्थी व्हिसावर वर्षाला ९६४ तास काम करता येतं. ती एका घरातल्या दोन मुलांना शाळेतून आणते, खायला देते, त्यांच्याशी इंग्रजीत बोलते आणि आईवडील येईपर्यंत थांबते. आठवड्यातले चार दिवस. दुपारी विद्यार्थ्यांच्या भोजनगृहात तेव्हा ३.३० युरोत जेवायची, तिथला भात तिच्या मते गुन्हा आहे. हे सगळं ती तक्रारीच्या सुरात सांगत नव्हती, हेही लिहायला हवं. हिशेबाची वही दाखवावी तसं सांगत होती. राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केला होता, उत्तर यायचं होतं. तोही त्याच वहीत.

सोमवारी सकाळी लूव्र. तिला २६ वर्षं पूर्ण व्हायची आहेत आणि ती तिथली रहिवासी, म्हणून फुकट. माझं तिकीट मी काढलं आणि पैसे वसूल करण्याच्या इराद्याने नकाशा उघडला. धाकटीने तो मिटला. ती एका वेळी एकच चित्र बघायला येते, अर्धा तास, आणि परत जाते. फुकट असल्याचा हा फायदा, मला मात्र तिकिटाची रक्कम दिसत होती.

वाटेत एका दालनात एक गृहस्थ घोडी लावून जुन्या चित्राची नक्कल करत होते. परवाना काढून ते करता येतं. नियम असा की नक्कल मूळ चित्राच्या आकाराची असता कामा नये, किमान एक पंचमांश लहान किंवा मोठी हवी. बनावट चित्र म्हणून कुणी विकू नये यासाठी. इतका साधा आणि पक्का नियम पाहून मला बरं वाटलं, आमच्याकडे यासाठी तीन पासवर्ड लागले असते.

लहानपणी सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये आम्ही दर सुट्टीत जायचो. देवमाशाचा सांगाडा बघायचा, इजिप्तची ममी बघायची आणि मधल्या युरोपियन चित्रांच्या दालनांतून पळत सुटायचं, हा आमचा कार्यक्रम. सयाजीरावांनी इतक्या लांबून जमवलेली ती चित्रं आम्हाला भिंतीइतकीच वाटायची. धाकटीला आता त्याची चुटपुट लागते. आणि अजिंठ्याचीही. वर्गातल्या एका फ्रेंच मुलाने अजिंठ्याबद्दल विचारलं आणि तिला सांगावं लागलं की मी पाहिलेलं नाही. अमृता पॅरिसहून परत आल्यावर १९३६ मध्ये अजिंठा-वेरूळला गेली आणि तिची चित्रं तिथून बदलली. "आणि मी गुजरातची सीमा ओलांडून औरंगाबादला गेले नाही. शिर्डीला चारदा गेलो आपण."

मग आम्ही तिच्या चित्रापाशी पोहोचलो. मी मोनालिसाएवढं तरी काही अपेक्षिलं होतं. हे वहीच्या पानाएवढं, लाकडी फळीवर रंगवलेलं. झाँ शार्दाँ नावाच्या चित्रकाराने १७३४ च्या सुमारास काढलेलं. त्यात माणूस नाही, देव नाही, राजा नाही. स्वयंपाकघरातलं पाणी भरून ठेवायचं तांब्याचं पिंप, त्याला खाली बारीकशी तोटी, शेजारी बादली आणि मडक्यासारखं एक भांडं. बस. पण त्या तांब्यावर जो उजेड पडला आहे तो बघितला आणि मला आजीच्या न्हाणीघरातला ओला वास आला. खोटं नाही सांगत.

"बंब," मी म्हटलं.

"हो ना!" तिने माझा दंड धरला. "मी डिसेंबरपासून याच्यासमोर येते. आपल्या बंबासारखा नाही, पण तांबं तेच आहे. मला आता तो काढायचाय दादा, आपला. आठवून काढून बघितला, जमत नाही. माळ्यावर आहे ना अजून? तू परत गेलास की चारी बाजूंनी फोटो काढून पाठव. राखेचं दार उघडं ठेवून एक काढ."

आता आईने काय केलं होतं ते सांगतो. धाकटी जायच्या आधीच्या उन्हाळ्यात, ती फ्रेंचच्या परीक्षेसाठी अहमदाबादला गेली होती तेव्हा, आईने माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढली. बंब, दोन घंगाळी, हंडे, आजीच्या लग्नातली पातेली. मी आणि बाबांनी ती रिक्षात घालून मोडीत दिली. सगळं मिळून एका बाजूच्या विमानाच्या तिकिटाइतके आले. धाकटीला सांगायचं नाही, असं आईने बजावलं होतं. इतके दिवस ते सोपं होतं, कारण तिने कधी विचारलंच नव्हतं.

त्या दालनात, त्या चित्रासमोर, मी तिला सांगितलं. आणखी एखादा दिवस लांबवता आलं असतं, पण फोटो पाठवतो म्हणण्याची जीभ होईना.

ती काही बोलली नाही. चित्राकडे बघत राहिली. एक शाळेची सहल आली आणि गेली. मग तिने विचारलं, "बंब किती किलो भरला?" मी म्हटलं, वेगळा वजन केला नव्हता, सगळं एकत्रच. तिने मान हलवली आणि आम्ही बाहेर पडलो.

सेन नदीवरच्या पुलावरून पलीकडे गेलो. नदीकाठी केए व्होल्तेअर रस्त्यावर 'सेनेलिए' हे रंगांचं दुकान आहे, १८८७ पासूनचं. लाकडी खण, काचेच्या बरण्यांत रंगांची पूड, आपल्याकडच्या जुन्या काष्ठौषधीच्या दुकानाची आठवण यावी असं. पिकासोसाठी १९४९ मध्ये यांनी तेलखडू बनवले, तेच पुढे जगभर गेले. एरवी मी किमती बघून हबकलो असतो, त्या दिवशी काहीतरी विकत घेऊन द्यावं अशी मला घाई झाली होती. काय देऊ, असं विचारत तिच्या मागे मागे हिंडलो. तिने एक नळी घेतली, बर्न्ट सिएना. तांबूस मातीचा रंग. बाकी काही नको म्हणाली.

तिथून शाळा पाच मिनिटांवर. रस्त्यावरून साधं लोखंडी फाटक दिसतं. आत गेलं की समजतं की ही शाळा एका जुन्या मठाच्या जागेत आहे. राज्यक्रांतीच्या काळात चर्च आणि राजवाडे फोडले जात होते, तेव्हा अलेक्सांद्र लनवार नावाच्या माणसाने त्यांतली शिल्पं आणि थडगी वाचवून इथे आणून ठेवली. अंगणात एका राजवाड्याची अख्खी दर्शनी भिंत उभी आहे, मागे राजवाडा नाहीच. एका जुन्या प्रार्थनामंदिरात मायकेलअँजेलोच्या 'अंतिम न्याया'ची भलीमोठी नक्कल आहे. नकला बघतच इथली पोरं शिकली, शेदोनशे वर्षं.

मुली मात्र नाहीत. १८९७ पर्यंत या फाटकातून मुलींना विद्यार्थी म्हणून प्रवेश नव्हता. एलेन बर्तो या शिल्पकार बाईंनी १८८१ मध्ये स्त्री कलावंतांची संघटना काढली आणि वर्षानुवर्षं सरकारच्या मागे लकडा लावला, तेव्हा दार उघडलं. तोवर ज्यांना शिकायचं होतं त्या खासगी स्टुडिओंत पैसे भरून शिकत. धाकटी हे सगळं चालता चालता सांगत होती, आवाज नेहमीसारखा होता. मी मनात तिचा दर वाक्याला ताप मोजत होतो.

आपल्या बाजूच्या माणसांनाही इथे जुनी वाट आहे. नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर याच शाळेत आले आणि साठ वर्षं फ्रान्समध्येच राहिले. अमृता पाच वर्षांत परत गेली. धाकटीला मी विचारलं, तू काय करणार? "आधी जूनची परीक्षा," ती म्हणाली.

तिच्या आतलिएत तिची जागा म्हणजे एका मोठ्या खिडकीखालचा भिंतीचा तुकडा. शेजारच्या मुलाने छताला जुने कोट टांगले होते, पलीकडे एक मुलगी मेणाचे कान बनवत होती. धाकटीच्या भिंतीवर पुन्हा कोळसा. पण इथे मला खोलीत अंधारात जे दिसलं नव्हतं ते दिसलं. ही सगळी रेखाटनं भांड्यांची होती. लोटी, गडू, झारा, किसणी, परातीची कड, कुकरची शिटी. खालची जी पावलं मला पावलं वाटली होती त्यांतली काही तर घंगाळाच्या बैठकी होत्या. सहा महिने तिने काही केलं नाही असं मी समजत होतो.

मंगळवारी तिच्याबरोबर पोरांच्या शाळेच्या दारात उभा राहिलो. थोरल्या पोराने माझ्याकडून भाकरवडी खाल्ली आणि पाणी पाणी करत नाचला. रात्री खोलीवर आलो, मेतकूट-भात झाला, आणि तिने टेबलावर मोठा कागद अंथरला.

"तू इंजिनिअर आहेस ना? माप सांग."

मग आम्ही बंब आठवायला बसलो. मी दहा वर्षांचा असताना तो माझ्या बरगड्यांपर्यंत यायचा, यावर एकमत झालं. म्हणजे अडीच-पावणेतीन फूट. मधून धुराडं, त्याच्याभोवती पाणी, वरून झाकण. धुराड्यात कोळसे टाकायचे ते मी सांगितलं, नारळाच्या करवंट्या तिने सांगितल्या. खाली जाळी, जाळीखाली राखेचं दार. कडी एकच होती की दोन? दोन. तोटी पितळेची, तिचा कान तुटलेला, म्हणून आजी ती फडक्याने धरून फिरवायची. हे मी पार विसरलो होतो, तिला आठवत होतं, आणि ती तेव्हा पाच वर्षांची होती. मी आकडे सांगत होतो, ती काढत होती, पुसत होती, परत काढत होती. मला कळलेल्या गोष्टींपैकी ही एक, की खोडरबर हे तिचं निम्मं हत्यार आहे.

तोटीवरून भांडण झालं. मी म्हणत होतो तोटी राखेच्या दाराच्या बरोबर वर होती. ती म्हणत होती बाजूला, नाहीतर पाणी राखेत पडलं असतं. तिचं बरोबर असणार हे मला समजत होतं, पण माझ्या डोळ्यांसमोर ती वरच दिसत होती. अकरा वाजले होते. बडोद्यात पहाटेचे साडेतीन, तरी मी म्हटलं उजाडल्यावर आईला विचारू.

आईचाच फोन आधी आला, आमच्या पहाटे. माझी गाडी सातनंतरची होती, बॅग भरून झाली होती. धाकटीने फोन बेसिनला टेकवून उभा केला आणि कागद पडद्यासमोर धरला. आईला आधी नीट दिसेना, मग दिसलं. ती गप्प झाली. मला वाटलं आता रडेल, किंवा मला रागावेल. बाबांना हाक मारली. दोघांची डोकी पडद्यात आली.

"सांगितलंस का तिला?" आई मला म्हणाली.

"सांगितलं."

"तोटी बाजूलाच होती," बाबा म्हणाले.

"तोटीचं राहू दे," आई म्हणाली. "पोचा कुठाय? इथे, डाव्या कडीच्या खाली. एवढा मोठा. यांनी जिन्यावरून सोडला होता, दिवाळीच्या आदल्या दिवशी. आणि तू जेवतेस ना गं वेळेवर? हात बघ कसे झालेत."

धाकटीने कोळसा उचलला आणि डाव्या कडीखाली अंगठ्याने दाबून पोचा काढला. "आणखी खाली," आई म्हणाली. मी बॅग उचलली. टेबलावर बर्न्ट सिएनाची नळी पडली होती, झाकण अजून उघडलेलं नव्हतं. ११४ पायऱ्या उतरताना वरून दोघींचा आवाज बराच वेळ येत होता.